शेततळ्यातलं हिरवं पाणी: माशांसाठी शेवाळ कसं सांभाळायचं

आमचं शेततळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. काठोकाठ भरलं की साधारण २२ लाख लीटर पाणी बसतं. तळं खोदलं ते डाळिंबासाठी, मासे नंतर आले. आमच्या सांगोल्याकडे अशी तळी गावोगाव आहेत आणि त्यात रोहू-कटला सोडणारेही आता बरेच झालेत. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘पाणी हिरवं झालंय, कुठलं औषध टाकू?’ माझंही उत्तर ठरलेलं: काही टाकू नका, आधी हात बुडवून बघा.

हिरवा रंग म्हणजे डोळ्यांना एकेकटं न दिसणारं शेवाळ. क्लोरेला, सिनेडेस्मस ही त्यातली नेहमीची आणि भल्या वळणाची मंडळी. माशांच्या पाण्यातली घाण काढायला यांच्यापेक्षा स्वस्त गडी मिळणार नाही. ते कसं, हे हिशोबाने समजून घेतलं की पुढची कामं सोपी जातात.

एक किलो खाद्यात ३० टक्के प्रथिनं असतील, तर त्यात ४८ ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला पाव ते एकतृतीयांश माशाच्या अंगाला लागतो. बाकीचा ३२ ते ३६ ग्रॅम पाण्यात येतो, आणि त्यातला मोठा वाटा कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही रोज ३ किलो खाद्य टाकत असाल तर रोज १०० ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन पाण्यात ओतताय. मातीच्या तळ्यात गाळ थोडं काम वाटून घेतो. आपल्या तळ्यात कागद आहे, गाळ नाही. सगळा भार शेवाळावर आणि पाण्यातल्या जिवाणूंवर. शेवाळ अमोनिया आणि स्फुरद (फॉस्फरस) खाऊन वाढतं, दिवसा प्राणवायू सोडतं, आणि पाण्यावर सावली धरून तळाशी दोऱ्यासारखं चिवट शेवाळ माजू देत नाही.

पण एक गोष्ट दुकानात बाटली विकणारा सांगत नाही. शेवाळ अमोनिया नाहीसा करत नाही, स्वतःच्या अंगात धरून ठेवतं. ते मेलं, कुजलं की धरलेलं सगळं परत पाण्यात. म्हणून शेवाळ वाढवणं हे निम्मंच काम आहे. वाढलेलं शेवाळ तळ्याबाहेर काढायची वाट ठेवणं हे उरलेलं निम्मं. ती वाट माशाच्या तोंडातून जाते, नाहीतर ठिबकच्या नळीतून. आपल्याकडे दोन्ही आहेत.

आधी मोजमाप

पाणी किती दाट हिरवं आहे ते सेकी तबकडीने मोजतात. ती विकत घ्यायची गरज नाही. २० सेंटीमीटर रुंदीचं स्टीलचं झाकण घ्या, चार भाग पाडून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि खाली वजन बांधा. दोरीला दर १० सेंटीमीटरवर गाठ. अँजेलो सेकी नावाच्या इटलीतल्या एका धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती, तेव्हापासून ही युक्ती जगभर चालते. सकाळी दहा-अकराच्या उन्हात, सूर्याकडे पाठ करून, तबकडी सोडत जायची. जिथे दिसेनाशी होते तिथे दोरी धरायची.

३० ते ४० सेंटीमीटर आलं तर पाणी छान आहे, हात लावू नका. ६० च्या पुढे गेलं तर शेवाळ विरळ. २० च्या आत आलं तर त्या दिवशी खाद्य बंद. तबकडी नसेल तर हात उभा बुडवा. पाणी कोपराला लागेपर्यंत तळवा अंधुक दिसत राहिला तर बरं. मनगटाच्या जरा वरच दिसेनासा झाला तर दाट. पावसाचं गढूळ पाणी तळ्यात शिरलं असेल तर या मापाला अर्थ नाही, कारण तेव्हा तबकडी मातीने झाकली जाते.

दुसरं माप काचेच्या बरणीचं. बरणीभर पाणी घेऊन तासभर सावलीत न हलवता ठेवा. हिरवेपणा सगळीकडे सारखा राहिला किंवा तळाशी हलकासा बसला तर चांगलं शेवाळ. सगळं वर येऊन हिरव्या रंगाचा तवंग धरला, तर ते बहुतेक निळं-हिरवं शेवाळ, मायक्रोसिस्टिससारखं. ते विषारी असू शकतं, सकाळी वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात रंग ओतल्यासारखं जमतं, आणि माशालाही मातकट वास आणतं. कधीकधी भर दुपारी पाण्यावर विटकरी-लाल तवंग येतो आणि संध्याकाळी परत हिरवा होतो. तो युग्लिना नावाच्या सूक्ष्म जीवाचा. लोक घाबरतात, पण तो बहुतेक वेळा एवढंच सांगत असतो की पाण्यात सेंद्रिय माल जास्त झालाय. फिकट तपकिरी पाणी मात्र वाईट समजू नका, त्यात डायटम नावाचं तपकिरी शेवाळ असतं, माशांना ते मानवतं.

विरजण लावायचं कसं

नव्याने भरलेल्या कागदाच्या तळ्यात, विशेषतः बोअरच्या पाण्यात, शेवाळाचं बी जवळजवळ नसतंच. थांबलात तर आपसूक येतं, पण कुठलं येईल ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून दह्याला लावतात तसं विरजण लावायचं.

बी दोन ठिकाणाहून मिळतं. शुद्ध क्लोरेला हवं असेल तर मत्स्य महाविद्यालयात चौकशी करा. रत्नागिरीत शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. नाहीतर शेजारच्या एखाद्या तळ्यातलं, ज्यातले मासे तब्येतीने चांगले आहेत आणि बरणीच्या परीक्षेत पास झालंय असं पाणी आणा. मी दुसरी वाट धरते. फक्त ते चौपदरी मलमलीतून गाळून घेते, कारण त्यात मोइना, डॅफ्निया असे बारीक उड्या मारणारे जीव असतात. ते शेवाळ खातात. बी ठेवलेल्या भांड्यात ते राहिले तर दोन-तीन दिवसांत हिरवं पाणी पांढरं पडतं आणि माणूस खताला दोष देत बसतो.

पहिली वाढ २० लीटरच्या पारदर्शक जारमध्ये. निळ्या ड्रममध्ये नको, ऊन आत जात नाही. जारमध्ये माशांच्या पेटीची हवा सोडणारी छोटी मोटार चालू ठेवायची, म्हणजे शेवाळ तळाला बसत नाही. खताचं प्रमाण समुद्री हॅचरीवाले बाहेरच्या मोठ्या टाक्यांना वापरतात तेच मी गोड्या पाण्याला वापरते: १०० लीटरला १० ग्रॅम अमोनियम सल्फेट, १ ग्रॅम सुपर फॉस्फेट, १ ग्रॅम युरिया. २० लीटरच्या जारला याचा पाचवा हिस्सा, म्हणजे सोनाराच्या काट्याचं काम. सोपी रीत अशी की एक लीटर पाण्यात १०० लीटरचं खत विरघळवायचं आणि त्यातलं २०० मिली जारला घालायचं. सुपर फॉस्फेट आदल्या रात्री वेगळ्या भांड्यात भिजत घाला आणि सकाळी वरचं निवळ पाणीच घ्या, खालचा चोथा नको. जार सकाळच्या उन्हात, दुपारी मात्र शेडनेटखाली. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावरच्या जारचं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं, त्यात काही जगत नाही.

चार-सहा दिवसांत पाणी गडद हिरवं होतं. एक भाग बी, पाच भाग ताजं पाणी, परत त्याच प्रमाणात खत, असं वाढवत दीड फूट खोलीच्या हौदात ५०० लीटरपर्यंत न्यायचं. हौद उथळच हवा. मग ते तळ्यात सोडायचं सकाळी नऊ-दहाला, ऊन असताना. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी सोडलेलं बी रात्रभर नुसता प्राणवायू खातं.

आता सरळ बोलायचं तर २२ लाख लीटरला ५०० लीटर म्हणजे काहीच नाही. तळ्यात त्याला खायला असेल तरच ते वाढणार. मासे सोडण्याआधी तळ्याला २ ते २.५ किलो सुपर फॉस्फेट आणि तेवढाच युरिया विरघळवून, कडेने फिरत फवारल्यासारखा द्यायचा. शेण द्यायचं असेल तर पोत्यात बांधून पाण्यात लटकवा. मोकळं टाकलं की ते ठिबकच्या फिल्टरमध्ये भेटतं. चुना आणि सुपर फॉस्फेट एका आठवड्यात देऊ नका, स्फुरद चुन्याबरोबर बांधला जातो आणि दोन्ही वाया जातात. तसंही आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याला चुन्याची गरजच पडत नाही. एकदा माशांना रोजचं खाद्य सुरू झालं की युरिया कायमचा बंद. खाद्यातूनच नको इतका नायट्रोजन येतो, वरचा हिशोब आठवा.

दुपारचा सामू, पहाटेचा प्राणवायू

हा भाग नीट वाचा, बहुतेक मासे इथेच मरतात.

दिवसा शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढतं, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो. सकाळी ७.५ असलेला दुपारी चारला ९ झालेला मी नेहमी बघते. अमोनियाचं विष या सामूवर अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग शंभरात एकही नसतो. ८ ला तो ५ च्या घरात जातो, ९ ला ३५ च्या वर. पाणी त्याहून गरम असेल तर अजून जास्त. म्हणजे जे शेवाळ अमोनिया कमी करतं तेच उरलेल्या अमोनियाला दुपारी जहाल करून ठेवतं. म्हणून अमोनियाचं किट सकाळी वापरून ‘सगळं ठीक’ म्हणण्यात अर्थ नाही. सामू आणि अमोनिया दोन्ही दुपारी तीन-चारला तपासा.

प्राणवायूचं उलटं. दुपारी वरचं पाणी प्राणवायूने तुडुंब असतं, इतकं की जास्तीचा हवेत उडून जातो. सूर्य मावळला की शेवाळही माशांसारखंच प्राणवायू घ्यायला लागतं आणि सूर्योदयाच्या आधी पातळी सगळ्यात खाली येते. लीटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असावा, ३ च्या खाली धोका. किट असेल तर पहाटे साडेपाचला मोजा. नसेल तर त्याच वेळी तळ्यावर जा. कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) आधी वर तोंड काढतात.

आमच्या तळ्यांची खोली हा वेगळा घोर. कोलकात्याच्या पूर्वेला शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवणाऱ्या भेरी आहेत, २००२ पासून तो सगळा पाणथळ भाग रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तिथे ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून घाण पाणी माशांच्या कामाचं करतात. पण त्या भेरी उथळ आहेत. तबकडी ३५ सेंटीमीटरला दिसेनाशी होते तेव्हा कामाचं ऊन जेमतेम ७०-८० सेंटीमीटरपर्यंत पोचतं. आपल्या ३ मीटर तळ्यात त्याखाली सगळा अंधार. खाली नुसतं कुजणं चालतं, वर नुसती चंगळ.

यावर उपाय दुपारी करायचा असतो. दुपारी एक ते तीन एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा, म्हणजे वरचा जास्तीचा प्राणवायू उडून जायच्या आत खाली मिसळतो आणि खालचं शेवाळ उन्हाला येतं. लोक एरेटर फक्त रात्री लावतात. रात्री दोनपासून उजाडेपर्यंत लावायचाच, पण दुपारचे दोन तास सोडू नका. शेतीची थ्री फेज आठवड्याला पाळी बदलते, दिवसाची लाईट असली की रात्रीचे वांधे. तेव्हा डिझेल इंजिनावर पाणी उचलून फुटभर उंचीवरून आडव्या पाइपच्या भोकांतून परत तळ्यातच पाडायचं. गेल्या परतीच्या पावसात तीन दिवस ऊन नव्हतं, तेव्हा शेजारच्या मळ्यातून पहाटे फोन आला.

“वहिनी, मासे समदे वर तोंड काढून फिरत्यात. ऑक्सिजनच्या गोळ्या कुठं मिळतील?”

“गोळ्यांचं मागनं बघू भाऊजी. आधी इंजिन लावा, पाणी वरनं पाडा. आणि आज खाद्याचं पोतं सोडूच नका.”

त्यांचे बरेचसे मासे वाचले. ढगाळ हवेत शेवाळ एकदम मरूही शकतं. पाणी एका दिवसात हिरव्याचं तपकिरी किंवा पारदर्शक होतं, फेस येतो, उग्र वास येतो. तेव्हा शेवाळाने धरलेला सगळा अमोनिया एकदम सुटतो. खाद्य बंद, हवा चालू, आणि चौथा हिस्सा पाणी बागेला देऊन ताजं भरा. पुन्हा विरजण लावायचं ते ऊन पडल्यावर.

एरेटर नसेल तर खाद्याला मर्यादा घाला. हेक्टरी रोज ३० ते ३५ किलो म्हणजे आपल्या ९ गुंठ्यांच्या तळ्याला ३ किलोच्या आसपास. त्याच्या पुढचं पाप शेवाळाला पचत नाही.

शेवाळ काढायच्या वाटा

पहिली वाट चंदेरा. तो वनस्पती प्लवंग, म्हणजे हेच तरंगतं शेवाळ, गाळून खातो; कटला मुख्यतः प्राणी प्लवंग, म्हणजे मोइनासारखे बारीक जीव. आमच्या तळ्यात ५०० ते ६०० बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) असते, त्यात चंदेरा शंभराला १५ च्या वर मी जात नाही. व्यापारी त्याला रोहू-कटल्याइतका भाव देत नाहीत, आणि जास्त झाला तर कटल्याचं खाद्यही ओरपतो. कागदाच्या तळ्यात तळाला गाळ नसल्याने मृगळ, सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासेही बेतानेच.

दुसरी वाट डाळिंब. आठवड्याचं ठिबक तसंही तळ्यातूनच जातं, तेवढं बोअरचं ताजं पाणी आत येतं. झाडाला नायट्रोजन, स्फुरद थोडंथोडं मिळत राहतं, तळ्यातून भार उतरतो. अडचण एकच, फिल्टर. पंपाच्या ओढनळीच्या तोंडाचा फूट व्हॉल्व तळाला ठेवला तर कुजलेला माल येतो, अगदी वर ठेवला तर शेवाळाची साय. रिकाम्या कॅनला बांधून पाण्याखाली दोन ते अडीच फुटांवर तरंगता ठेवा. आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा किंवा डिस्कचा. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमधला फरक अर्ध्या किलोवर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. ते बॅकवॉशचं पाणी बघा एकदा, मटारच्या सालीसारखा रंग असतो. तेच तुमचं काढलेलं शेवाळ. नाल्यात सोडू नका, बांधावरच्या झाडांना किंवा कंपोस्टच्या ढिगावर द्या. लॅटरलच्या (ठिबकच्या बारीक नळ्यांच्या) एंड कॅप आठवड्याला उघडून धुवायच्या. आम्ल किंवा क्लोरीनची प्रक्रिया फक्त नळ्यांमध्ये, व्हेंचुरीजवळ (औषध नळीत ओढून घेणारा भाग) पाणी मागे फिरू न देणारा व्हॉल्व असल्याशिवाय नाही.

डाळिंबवाल्यांना एक वेगळी सूचना. तेल्या या डाळिंबाच्या रोगासाठी आपण बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड मारतो. तांबं शेवाळालाही मारतं आणि माशालाही. तळ्याकडेच्या ओळींना ब्लोअर वारा पडलेला असताना, तोंड तळ्याच्या उलट बाजूला करूनच चालवा. पंप तळ्यात बुडवून भरू नका, बादलीने भरा. आणि ‘हिरवं घालवायला’ तळ्यातच मोरचूद टाका असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हिरवं जातं खरं, पण मेलेलं शेवाळ कुजताना सगळा प्राणवायू घेऊन जातं.

निळ्या-हिरव्याचा तवंग आलाच तर सकाळी कोपऱ्यात जमतो तेव्हा जुन्या साडीची झोळी करून ओढून काढा, हातमोजे घालून. ते पाणी जनावरांना पाजू नका. चार-पाच दिवस खाद्य निम्मं, दुपारचा एरेटर वाढवा. पाणी ढवळलं गेलं की याचं तरंगण्याचं बळ कमी पडतं आणि साधं हिरवं शेवाळ वर येतं.

काढणीच्या आठवडाभर आधी एक मासा काढून त्याचा तुकडा मीठ-मसाला न लावता नुसता वाफवून खाऊन बघा. मातकट लागला तर व्यापाऱ्याला गाडी आणायला सांगू नका. थोडे मासे असतील तर स्वच्छ पाण्याच्या हौदात हवा चालू ठेवून, खाद्य न देता काही दिवस ठेवता येतात. तळंभर असतील तर ठिबकने पाणी उतरवत ताजं भरत राहायचं आणि परत चाखून बघायचं. आमच्या घरी हे चाखायचं काम सासूबाईंकडे आहे, त्यांच्या जिभेला किटापेक्षा आधी कळतं.